अर्धमॅरेथॉनचा सराव आणि शर्यतीची निवड : वैद्याने द्यावयाचा सल्ला

कर्जत आणि खालापूर तालुक्यांत पहाटे रस्त्यावर धावणारी मंडळी आता नवलाची राहिलेली नाहीत. पोलीस भरतीची तयारी करणारे तरुण पूर्वीही धावत असत. आता त्यांच्या जोडीला शिक्षक, बँक कर्मचारी, खोपोली-रसायनी पट्ट्यातील कारखान्यांत पाळीने काम करणारे कामगार आणि चाळिशी ओलांडलेल्या गृहिणीही दिसतात. यांपैकी अनेकांचे लक्ष्य अर्धमॅरेथॉन, म्हणजे २१.०९७ किलोमीटरची शर्यत, हे असते. गुडघा दुखू लागला, पोटरी धरली, थकवा हटेना, की ही मंडळी आपल्याकडे येतात किंवा थेट औषधी दुकानात जाऊन ‘ताकदीचे काहीतरी’ मागतात.

अशा रुग्णाचा वृत्तान्त नीट विचारला, तर बहुतेक वेळा व्याधीचे मूळ गुडघ्यात नसून त्याच्या दिनदर्शिकेत सापडते, असा आमचा अनुभव आहे. सराव एका शर्यतीसाठी सुरू केलेला असतो. मध्येच मित्रांच्या आग्रहाने दुसरीत नाव दिले जाते, आणि दोन्ही पूर्ण शक्तीने धावण्याचा हट्ट धरला जातो. म्हणून औषधयोजनेइतकेच महत्त्व ‘कोणती शर्यत धावावी, कोणती सोडावी आणि निवडलेल्या शर्यतीनुसार सराव कसा बदलावा’ या प्रश्नाला आहे. प्रस्तुत लेखात आम्ही या प्रश्नाचा ऋतुचर्या आणि आधुनिक व्यायामशास्त्र या दोहोंच्या आधारे विचार करीत आहोत.

आपल्या परिसरातील धावपटूसमोरील पर्याय

आपल्याकडील धावपटू ज्या शर्यतींना जातात त्यांत तीन ठळक आहेत. पहिली सातारा हिल हाफ मॅरेथॉन. ही २०१२ पासून भरते आणि साधारणतः सप्टेंबरच्या पूर्वार्धात असते. सातारा शहरातून यवतेश्वर घाट चढून कासच्या रस्त्याने जायचे आणि त्याच वाटेने उतरून परत यायचे, असा तिचा मार्ग आहे. दुसरा पर्याय डिसेंबरच्या पूर्वार्धातील शर्यतींचा. १९८३ पासूनची पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन परंपरेने डिसेंबरच्या पहिल्या रविवारी असते. २०११ पासून सुरू झालेली वसई-विरार महापालिकेची मॅरेथॉनही अलीकडे त्याच सुमारास होते. तिसरी मुंबई मॅरेथॉन. तिचा आरंभ २००४ साली झाला. कोविडमुळे २०२१ व २०२२ मध्ये ती झाली नाही; २०२३ पासून पुन्हा नियमित होत आहे. तिचा दिवस सहसा जानेवारीचा तिसरा रविवार.

या तारखा ऋतुचक्रावर मांडल्या की पुष्कळ गोष्टी स्पष्ट होतात. सप्टेंबरचा आरंभ म्हणजे बहुधा भाद्रपद, अर्थात वर्षा ऋतू. येथे अग्नी मंद आणि शरीरबल हीन असते. डिसेंबर म्हणजे मार्गशीर्ष, जानेवारी म्हणजे पौष. हा हेमंत, आणि हेमंत-शिशिरात बल उत्तम असते. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या सहाव्या अध्यायात वर्षा ऋतूत वर्ज्य सांगितलेल्या गोष्टींत व्यायामाचाही समावेश केला आहे. तेव्हा सातारा आणि मुंबई या दोन्ही शर्यतींचे अंतर एकच असले, तरी वैद्याच्या दृष्टीने त्या एक नव्हेत.

अर्धशक्ती आणि शर्यत

व्यायाम अर्धशक्तीने करावा, असे शास्त्र सांगते. तोही बलवान व स्निग्ध आहार घेणाऱ्याने, शीतकाळी आणि वसंतात. इतर काळी त्याहून कमी. कपाळ, काख, नाक व सांधे यांवर घाम येणे, तोंडास कोरड पडू लागणे, श्वास तोंडाने घ्यावासा वाटणे ही त्या मर्यादेची खूण मानली आहे. अतिव्यायामाने तृष्णा, क्षय, श्रम, क्लम, कास, ज्वर, छर्दी, रक्तपित्त इत्यादी उद्भवतात, हेही आपण जाणतो.

शर्यत ही व्याख्येनेच अर्धशक्तीच्या पलीकडची असते. म्हणून ती नित्यकर्म होऊ शकत नाही. वर्षातून एक-दोन वेळा, पूर्वतयारीने आणि नंतरच्या विश्रांतीसह घेण्याची ती गोष्ट आहे. रोजचा सराव मात्र अर्धशक्तीतच राहिला पाहिजे. आजचे प्रशिक्षकही बहुतांश धावणे सोबत्याशी सलग वाक्यात बोलता येईल इतक्याच वेगाने करावयास सांगतात. ज्याचा प्रत्येक रविवार शर्यतीसारखा जातो, त्याचे बल वाढण्याऐवजी क्षीण होते.

मुख्य शर्यत एकच

धावपटूस प्रथम विचारावयाचा प्रश्न असा : या हंगामात आपली मुख्य शर्यत कोणती? उत्तर एकच असावे. बाकीच्या सरावाच्या शर्यती ठराव्यात किंवा रद्द व्हाव्यात. पूर्ण शक्तीने धावलेल्या दोन अर्धमॅरेथॉनमध्ये निदान पाच-सहा आठवड्यांचे अंतर असावे, असा आमचा सल्ला असतो. त्याचे कारण साध्या हिशेबात आहे. शर्यतीनंतरचा एक आठवडा झीज भरून काढण्यात जातो. पुढील शर्यतीपूर्वीचे दोन आठवडे सराव उतरता ठेवण्यात जातात. पाच आठवडे असतील तर खऱ्या सरावास दोनच उरतात, सहा असतील तर तीन. तीनच आठवड्यांचे अंतर असेल, तर मधे काही कमावण्यास जागाच राहत नाही.

सराव उतरता ठेवणे हे धावपटूंना सर्वांत कठीण जाते. शेवटच्या पंधरवड्यात कमी धावलो तर कमावलेले जाईल, अशी भीती त्यांना वाटते. या विषयावरील अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २००७ साली प्रसिद्ध झाले. सुमारे दोन आठवडे एकूण अंतर ४१ ते ६० टक्क्यांनी घटवावे, वेग आणि धावण्याचे दिवस मात्र फारसे घटवू नयेत, याने कामगिरी सर्वाधिक सुधारते, असा त्याचा निष्कर्ष होता. आठवड्याला ४० किलोमीटर धावणाऱ्याने तेव्हा २० च्या आसपास यावे. ही माहिती आकड्यांसह सांगितली की रुग्णास पटते.

पर्याय पहिला : मुख्य शर्यत मुंबई, डिसेंबरची सरावासाठी

डिसेंबरचा पहिला रविवार ते जानेवारीचा तिसरा रविवार यांत सहा ते सात आठवडे असतात. अनुभवी धावपटूस हे अंतर पुरते. डिसेंबरची शर्यत त्याने रविवारचा लांब सराव समजून, बोलता येईल अशा वेगाने पूर्ण करावी. त्या आठवड्यात एकूण अंतर पाव भागाने कमी करावे. नंतरचे चार-पाच दिवस चालणे किंवा अगदी हळू धावणे. त्यापुढे तीन आठवडे नेटाचा सराव. आणि अखेरचे दोन आठवडे उतरते.

नवशिक्याचे गणित वेगळे आहे. दिवाळीच्या सुमारास, म्हणजे शर्यतीपूर्वी १२ आठवडे सुरुवात केली असे मानू. त्याचा रविवारचा लांब सराव क्रमाने ८, ९, १०, ८, ११, १२ किलोमीटर असा जाईल. येथे सहा आठवडे संपतात आणि डिसेंबरची शर्यत दारात उभी राहते. ज्याने १२ च्या वर पाऊल टाकलेले नाही, त्याने एकदम २१ धावणे हा सराव नव्हे, साहस आहे. अशा व्यक्तीने डिसेंबरची अर्धमॅरेथॉन निःशंकपणे सोडावी. हौस असेल तर १० किलोमीटरच्या गटात नाव द्यावे. पुढील आठवडे १०, १३, १५, १७ आणि ११ असे नेले, की बाराव्या आठवड्याच्या अखेरीस तो जानेवारीच्या शर्यतीस सुस्थितीत उभा राहतो. १७ धावणारा २१ पूर्ण करतो. सरावात संपूर्ण अंतर धावण्याची आवश्यकता नसते.

कर्जतच्या धावपटूने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. घाटपायथ्याची डिसेंबर-जानेवारीतील पहाट मुंबईच्या किनाऱ्यापेक्षा पुष्कळ थंड असते. येथे गारव्यात साधलेला वेग मुंबईच्या दमट हवेत, ऊन वर आल्यावर टिकेलच असे नाही. शरीर उष्णतेशी जुळवून घेण्यास साधारण १० ते १४ दिवस घेते. म्हणून अखेरच्या तीन आठवड्यांत काही सराव मुद्दाम उशिरा सुरू करून सकाळच्या उन्हात संपवावा, आणि शर्यतीच्या दिवशी पहिले पाच किलोमीटर हात राखून धावावे. शर्यत पहाटे सुरू होते. तेव्हा रात्रीच्या लोकलने अर्धवट झोपेत जाण्यापेक्षा आदल्या दिवशीच मुंबईत नातलगांकडे मुक्काम करणे हितकर.

पर्याय दुसरा : मुख्य शर्यत सातारा

सप्टेंबरच्या पहिल्या रविवारपासून १४ ते १६ आठवडे मागे मोजले, तर सरावाचा आरंभ मेच्या उत्तरार्धात येतो. म्हणजे अर्धा सराव ग्रीष्माच्या अखेरीस आणि उरलेला भर पावसात. बल हीन, अग्नी मंद, हवेत आर्द्रता इतकी की घाम वाळत नाही आणि अंग निवत नाही. म्हणून ज्यास धावणे किमान दोन वर्षे सात्म्य झाले आहे, त्यानेच ही शर्यत मुख्य धरावी. प्रथमच अर्धमॅरेथॉन धावणाऱ्यास आम्ही ती सुचवीत नाही.

घाटातील शर्यतीचा खरा त्रास चढणीत नसून उतरणीत असतो. उतरताना मांडीचे पुढील स्नायू ताणले जात असतानाच आकुंचन पावतात. त्यात सूक्ष्म झीज होते आणि वेदना दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक असते. परंतु हेच स्नायू थोड्या उतरणीने आधी सवयीचे केले, तर पुढील वेळी झीज लक्षणीय कमी होते. आपल्या भागात चढउतारास तोटा नाही. तथापि अंतर पादांशिक क्रमानेच वाढवावे. पहिल्या आठवड्यात एक किलोमीटर उतरण, मग दीड, मग दोन, याप्रमाणे. आणि शर्यतीपूर्वीच्या दहा दिवसांत तीव्र उतरण पूर्णपणे टाळावी.

मार्गाची निवडही वैद्याने विचारावी. द्रुतगती मार्गावर पादचाऱ्यांस मनाईच आहे. जुन्या घाटरस्त्यावर अवजड वाहने, धुके आणि पाणी यांमुळे पावसाळ्यात धावणे धोक्याचे. डोंगरउतारावरील पायवाटांविषयी अधिक काय सांगावे? १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळून जे घडले, ते आपल्यापैकी कोणीही विसरलेले नाही. मुसळधार पावसाच्या दिवसांत सराव सपाट, उजेडाच्या आणि माणसांच्या वर्दळीच्या रस्त्यावरच करावा. साचलेल्या पाण्यातून, विशेषतः पायास जखम असताना, धावू नये. कोकणपट्टीत लेप्टोस्पायरोसिसचा धोका आपण दरवर्षी पाहतो. पावसाळी ज्वरानंतर, मग तो डेंगू असो वा अन्य, ज्वर उतरला म्हणजे बल आले असे समजू नये. अग्नी, निद्रा आणि सकाळची नाडी पूर्ववत होईपर्यंत केवळ चालणे. ज्वर असताना धावणे सर्वथा निषिद्ध.

पर्याय तिसरा : दोन्ही शर्यती, आणि शोधनाचे स्थान

सप्टेंबरचा पहिला रविवार ते डिसेंबरचा पहिला रविवार हे बरोबर १३ आठवडे. तेथून जानेवारीच्या शर्यतीपर्यंत सहा ते सात. एकूण १९ ते २०. अनुभवी व निरोगी धावपटूस दोन्ही शर्यती साधू शकतात. अट एवढीच की डिसेंबरची तिसरी शर्यत पूर्ण शक्तीने धावू नये.

या रचनेत आपल्या शास्त्रास एक सुरेख जागा आहे. शरद ऋतूत विरेचन करण्याचा प्रघात आपण जाणतोच. साताऱ्यानंतरचे दोन आठवडे विश्रांतीचे. मग सप्टेंबरअखेरीपासून तीन आठवडे स्नेहपान, अभ्यंग-स्वेदन, विरेचन आणि संसर्जन क्रमाचे. स्नेहपानाचे कमाल सात दिवस, मधले तीन, विरेचनाचा एक आणि प्रवर शुद्धीत संसर्जनाचे सात, असे १८ दिवस होतात. या काळात धावणे पूर्ण बंद. पुढे दोन आठवडे हलक्या सरावाचे, दहा आठवडे वाढत्या सरावाचे, पैकी प्रत्येक चौथा आठवडा सौम्य, आणि अखेरचे दोन उतरते. बेरीज १९ होते. ज्यांना शोधनाची आवश्यकता नाही, त्यांनी तेच तीन आठवडे ऑक्टोबरच्या उन्हात हळू धावण्यात घालवावेत. नवरात्राचे उपवास व जागरण आणि दिवाळीचा गुरू आहार याच कालखंडात येतो. त्या आठवड्यांत अंतर न वाढवणे श्रेयस्कर.

मुख्य शर्यतीपूर्वीच्या सहा आठवड्यांत मात्र कोणतेही शोधन करू नये. बस्तीचा परिहारकाल बस्तीच्या दिवसांच्या दुप्पट असतो, हे धरून बस्तीचीही तारीख ठरवावी. ‘शर्यतीआधी शरीर साफ करून द्या’ अशी मागणी येते. ती नम्रपणे नाकारावी.

सराव चुकल्यास

पाळीचे काम, घरचे कार्य, आजारपण यांमुळे सराव खंडित होणारच. रात्रपाळीच्या आठवड्यात एकूण अंतर पाव भागाने कमी करावे आणि रात्रभर जागून आल्यावर लांब सराव कधीही करू नये. एक आठवडा चुकला, तर भरपाई न करता पुढे जावे. दोन आठवडे चुकले, तर चुकण्यापूर्वीच्या अंतराच्या तीन चतुर्थांशांपासून पुन्हा सुरुवात करावी. शेवटच्या सहा आठवड्यांत तीन किंवा अधिक आठवडे बुडाले, तर मुख्य शर्यत बदलावी किंवा सोडावी. भरलेले प्रवेशशुल्क हे धावण्याचे कारण होऊ शकत नाही. हे वाक्य वैद्याच्या तोंडून ऐकले की रुग्णाचा जीव पुष्कळदा हलका होतो, असे आम्ही पाहिले आहे.

वैद्य आणि औषधविक्रेत्यांसाठी

चाळिशीपुढील प्रत्येक इच्छुकाचा रक्तदाब, प्रमेह आणि कुटुंबातील अकाली हृद्रोग यांविषयी विचारणा करावी. श्रमाने छातीत दुखणे, धावताना भोवळ किंवा मूर्च्छा येणे, ही लक्षणे असल्यास हृदयरोगतज्ज्ञाकडे पाठवावे आणि तोवर धावणे थांबवावे. अमेरिकेतील २००० ते २०१० या काळातील शर्यतींचा एक अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे १ कोटी ९ लाख धावपटूंपैकी ५९ जणांचे हृदय बंद पडले. अर्धमॅरेथॉनमध्ये हे प्रमाण पूर्ण मॅरेथॉनच्या तुलनेत बरेच कमी होते. धोका दुर्मीळ आहे. परंतु त्या ५९ पैकी ४२ दगावले, हेही विसरता येत नाही.

शर्यतीत कोणी असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या देऊ लागला, आणि अंग तापलेले असेल, तर उष्माघात समजावा. गुदमार्गे घेतलेले तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर असते. प्रथम त्यास जागीच थंड पाण्याने वेगाने निववावे, मग रुग्णालयात हलवावे. याउलट तहान नसताना लिटरवारी पाणी पिणाऱ्याच्या रक्तातील सोडियम घटून मळमळ, डोकेदुखी, भ्रम होऊ शकतो. त्यास आणखी पाणी पाजू नये. तहानेप्रमाणे पिणे हाच सामान्य नियम.

शर्यतीपूर्वी वेदनाशामक गोळी घेण्याची सवय मोडून काढावी. घामाने पाणी कमी झालेल्या शरीरात अशा गोळ्या वृक्कांस अपाय करू शकतात, आणि वेदना झाकली गेल्याने इजा वाढते. अश्वगंधाही सरसकट देऊ नये. ती घेणाऱ्यांत यकृतास इजा झाल्याच्या नोंदी आहेत आणि थायरॉइडच्या औषधांबरोबर ती विचारपूर्वकच द्यावी लागते. निर्मात्याचे नाव, परवाना क्रमांक व घटकांची यादी नसलेली ‘शक्तिवर्धक’ चूर्णे दुकानात ठेवूच नयेत. त्यांत स्टिरॉइड किंवा वेदनाशामक मिसळलेले असू शकते.

पोलीस, रेल्वे किंवा विद्यापीठ संघाकडून खेळणाऱ्यांस एक विशेष प्रश्न विचारावा : आपली उत्तेजकचाचणी होऊ शकते काय? कुपीलूमधील स्ट्रिक्नीन आणि सोमलतेतील इफेड्रीन यांस जागतिक उत्तेजकविरोधी यादीनुसार स्पर्धेच्या वेळी मनाई आहे. इफेड्रीनला मूत्रातील ठरावीक प्रमाणाची मर्यादा आहे. वातव्याधीत आपण सहज देतो ती विषतिंदुक वटी आणि अग्निमांद्यात देतो ती अग्नितुंडी वटी, दोहोंत कुपीलू असतो. आपल्या देशात उत्तेजकविरोधी कायदा २०२२ मध्ये झाला आहे. औषध आयुर्वेदिक आहे, या सबबीने खेळाडूची सुटका होत नाही. त्याची वर्षानुवर्षांची मेहनत आपल्या एका चिठ्ठीने वाया जाऊ शकते.

तात्पर्य, धावण्याची हौस घेऊन आलेल्या व्यक्तीस केवळ तेल आणि गुग्गुळ देऊन परत पाठवू नये. समोर दिनदर्शिका ठेवावी, मुख्य शर्यतीच्या तारखेवर खूण करावी, तेथून मागे आठवडे मोजावेत, ऋतू व ऋतुसंधी दाखवावेत आणि जी शर्यत या हिशेबात बसत नाही ती खोडून टाकावी. या कामास दहा मिनिटे पुरतात. पुढील हंगामासाठी असे सल्ले देण्याचा योग्य काळ मे महिना आहे. तेव्हा सप्टेंबरचा विचार करणाऱ्यास वेळीच सावध करता येते आणि जानेवारीचा विचार करणाऱ्यास पावसाळ्यात निवांत राहण्याची मोकळीक देता येते.